फळकुजीवर वनस्पतींचा उतारा

काढणीनंतरची फळकूज म्हणजे झाडावरून उतरवलेल्या फळाला मुख्यतः बुरशीमुळे लागणारी सड. फळ तोडले की त्याचा झाडाशी संबंध तुटतो, पण त्यातले जीवन थांबत नाही. फळाचे श्वसन चालू राहते, पिठूळ गराची साखर होते, साल मऊ पडते आणि पाणी उडत जाते. याच बदलांमुळे फळ माणसाला गोड लागते आणि बुरशीलाही सोयीचे होते. ही बुरशी रोखण्यासाठी लवंग, दालचिनी, ओवा, गवती चहा, तुळस, लसूण, कडुनिंब अशा वनस्पतींतली नैसर्गिक द्रव्ये कितपत उपयोगी पडतात, याचा अभ्यास उष्ण प्रदेशांतल्या अनेक देशांत गेली काही दशके चालू आहे.

यवतमाळ जिल्ह्याची ओळख कापसाची. तरीही पैनगंगा आणि पूस नद्यांच्या पाण्यावर पुसद, उमरखेड व महागाव तालुक्यांत केळी होते, नेर-दारव्हा भागात संत्र्याच्या बागा आहेत, आणि जंगलात, माळरानावर, बांधाबांधावर सीताफळ आपोआप उगवते. ही तिन्ही फळे नाजूक आहेत आणि तिन्हींची मोठी बाजारपेठ दूर आहे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात फळ झाडावरून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतचे दिवस फार मोलाचे असतात.

लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत केळीचे नुकसान ७.७६ टक्के, आंब्याचे ९.१६ टक्के, लिंबूवर्गीय फळांचे ९.६९ टक्के आणि पेरूचे १५.८८ टक्के आढळले. या आकड्यांत दबलेली, फुटलेली व वाळलेली फळेही धरलेली आहेत. मात्र दबलेल्या आणि फुटलेल्या फळावरच बुरशी आधी बसते, म्हणून ही दोन नुकसाने एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

थंडावा हा फळ टिकवण्याचा खात्रीचा उपाय. उष्ण प्रदेशातल्या फळांना मात्र तो बेतानेच मानवतो. सफरचंद शून्य अंशाच्या आसपास महिनोन् महिने राहते. केळी १३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवली तर सालीखालच्या शिरा तपकिरी पडतात, रंग मळकट होतो आणि ती पुढे नीट पिकत नाहीत. आंब्याची मर्यादाही साधारण तेवढीच आहे. या तापमानाला बुरशीची वाढ मंदावते, थांबत नाही. त्यामुळे या फळांना थंडाव्याच्या जोडीला दुसरा काही उपाय लागतोच.

दोन फळे, दोन बुरशा

रोग कसा लागतो हे नीट पाहिले तरच त्यावरचा उपाय कळतो. केळी आणि संत्री ही त्याची दोन वेगवेगळी उदाहरणे आहेत.

केळीवरचा करपा कोलेटोट्रायकम म्युसी या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू बागेतच, फळ हिरवे असताना, पावसाच्या किंवा दवाच्या थेंबाबरोबर सालीवर येऊन बसतात. ओलावा मिळाला की बीजाणू अंकुरतो आणि त्याच्या टोकाशी एक छोटी, काळपट, घट्ट गाठ तयार होते. तिच्या आधाराने बुरशी सालीला चिकटून राहते आणि तिथेच थांबते. फळ हिरवे असेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. फळ पिवळे होऊ लागले की ती जागी होते. तपकिरी ठिपके उमटतात, वाढतात, एकमेकांत मिसळतात, आणि मधोमध नारिंगी छटेचे चिकट बीजाणू दिसू लागतात. शेतकऱ्याने निर्मळ दिसणारे घड विकलेले असतात आणि डाग व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमधून बाहेर आल्यावर दिसतात. यातून उद्भवणाऱ्या वादाचे मूळ बुरशीच्या या दबून राहण्यात आहे. फणी घडापासून कापली की तिथल्या ओल्या कापावर आणखी काही बुरशा शिरतात आणि फणीचा देठ काळा पडून कुजतो. तसे झाले की फळे फणीतून गळून पडतात.

संत्र्यावरची हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटॅटम, वेगळ्या रीतीने वागते. अखंड सालीतून तिला आत शिरता येत नाही, तिला जखम लागते. तोडताना नखाचा ओरखडा उमटला, देठ ओढल्यामुळे सालीला भोक पडले किंवा क्रेटची कड लागली, तर तेवढे तिला पुरते. जखमेभोवती आधी पाणी भरल्यासारखा मऊ डाग दिसतो. बोट लावले तर साल आत दबते. एक-दोन दिवसांत मध्यावर पांढरी बुरशी उगवते, तिच्यावर शेवाळी रंगाची भुकटी धरते आणि भोवती पांढरी कड उरते. ही भुकटी म्हणजे लाखो बीजाणू. पेटी हलली की ते धुळीसारखे उडतात आणि आसपासच्या प्रत्येक ओरखड्यावर बसतात. हिची बहीण असलेली निळी बुरशी, पेनिसिलियम इटॅलिकम, थंडीत अधिक तग धरते आणि शेजारच्या फळाला चिकटून पसरत जाते.

फळाचे स्वतःचे रक्षण

करप्याची बुरशी हिरव्या सालीवर थांबून का राहते, या प्रश्नाच्या उत्तरातून वनस्पतिज द्रव्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली. कच्चे फळ निःशस्त्र नसते. कच्च्या आंब्याच्या सालीत रिसॉर्सिनॉल वर्गाची द्रव्ये असतात आणि ती बुरशीला वाढू देत नाहीत. आंब्याच्या देठातून उडणारा चीकही नुसता त्रासदायक नसतो. त्यात बुरशीविरोधी द्रव्ये असतात, तसेच बुरशीच्या पेशीभित्तीतले कायटिन तोडणारी विकरे असतात. इस्रायलमधील शास्त्रज्ञ डोव्ह प्रुस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून ॲव्होकॅडो व आंब्यावर केलेल्या कामात दिसले, की फळ पिकू लागले की ही द्रव्ये घटतात आणि ती एका पातळीखाली गेली की दबलेली बुरशी उठते. लिंबाच्या सालीतही सिट्रल नावाचे बुरशीविरोधी द्रव्य असते आणि फळ जुने होत जाते तसे तेही कमी होते.

याचा अर्थ असा, की पिकणारे फळ आपली ढाल हळूहळू खाली ठेवते. वनस्पतिज उपचाराचा हेतू ती ढाल आणखी काही दिवस धरून ठेवण्याचा असतो. त्यासाठी कधी फळाचीच द्रव्ये टिकवली जातात, तर कधी दुसऱ्या वनस्पतीची द्रव्ये उसनी घेतली जातात.

वनस्पतीतले प्रत्येक सुगंधी द्रव्य बुरशीला मारते, असे मात्र नाही. संत्र्याची साल जखमी झाली की तिच्या तेलग्रंथी फुटतात आणि लिमोनीनसारखी उडणारी द्रव्ये बाहेर पडतात. हिरव्या बुरशीच्या बीजाणूंना या वासाने अंकुरण्याचा इशाराच मिळतो. एकाच सालीत सिट्रल बुरशीला अडवते आणि लिमोनीन तिला बोलावते. म्हणून कोणते द्रव्य, कोणत्या बुरशीवर आणि किती प्रमाणात, हे तिन्ही ठरल्याशिवाय ‘नैसर्गिक’ या शब्दाला अर्थ येत नाही.

ओळखीच्या वनस्पती, त्यांतली द्रव्ये

उपयोगी ठरलेली बहुतेक द्रव्ये घरातल्या मसाल्याच्या डब्यात किंवा परसात सापडतात. लवंगेच्या कळीच्या तेलात युजेनॉल हे मुख्य द्रव्य असते, साधारण ७० ते ९० टक्के. दातदुखीवर लवंग धरण्याची रीत त्याच द्रव्यामुळे रूढ झाली. तुळशीच्या काही जातींतही युजेनॉल भरपूर असते. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, ओव्याच्या तेलात थायमॉल आणि गवती चहाच्या तेलात सिट्रल असते. लसणात बुरशीविरोधी ॲलिसिन तयार अवस्थेत नसते. पाकळी ठेचली की दोन वेगळ्या कप्प्यांतली द्रव्ये एकत्र येतात आणि त्या क्षणी ॲलिसिन बनते. अखंड पाकळीला वास नसतो आणि ठेचलेलीला असतो, तो यामुळेच.

विदर्भाच्या जंगलाशी नाते असलेली आणखी एक वनस्पती म्हणजे तिखाडी किंवा रोशा गवत. विदर्भ आणि खानदेशातल्या डोंगरउतारांवर ते वाढते आणि फुलोऱ्यावर आले की कापून त्याचे तेल काढतात. हे तेल पूर्वी मुंबईमार्गे परदेशी जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण त्यातले जिरॅनिऑल गुलाबासारखा वास देते. जिरॅनिऑल बुरशीलाही रोखते.

या द्रव्यांचे काम मुख्यतः पेशीपटलावर चालते. युजेनॉल, थायमॉल यांसारखी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. बुरशीच्या पेशीभोवतीचे पटल स्निग्ध असते, म्हणून ती त्यात घुसतात, पटल सैल पडते आणि आतले क्षार व इतर द्रव्ये झिरपून जातात. सिनॅमाल्डिहाइड बुरशीच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडते आणि ॲलिसिन गंधकयुक्त विकरांना निकामी करते. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव पडत असल्याने बुरशीला त्यातून वाट काढणे अवघड जाते.

रासायनिक बुरशीनाशकांची अडचण नेमकी इथे आली. थायाबेंडाझोल, कार्बेंडाझिम यांचा बेन्झिमिडॅझोल गट १९६० च्या दशकात आणि त्यानंतर काढणीपश्चात उपचारांत रुळला. ही द्रव्ये बुरशीच्या एकाच प्रथिनावर काम करतात. ते प्रथिन जरा बदलले की औषध निष्प्रभ होते, आणि लिंबूवर्गीय फळांच्या पॅकिंगघरांत हिरव्या बुरशीचे असे प्रतिकारक वाण लवकरच वाढले. शिवाय फळावर शेवटच्या टप्प्यावर लावलेले औषध थेट खाणाऱ्यापर्यंत जाते. अनेक देशांनी अवशेषांच्या मर्यादा कडक केल्या त्या यामुळेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांचा बळी गेला. ती औषधे कीटकनाशके होती, फळांवरची बुरशीनाशके नव्हती. तरीही हाताळणाऱ्याच्या जिवाला कमी धोका असलेली द्रव्ये का शोधायची, हे या जिल्ह्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रयोगांतून काय दिसले

श्रीलंकेत २००२ च्या सुमारास केळीवरच्या बुरशांविरुद्ध दालचिनी आणि लवंगेची तेले तपासली गेली. करपा आणि देठकूज या दोन्ही रोगांच्या बुरशा त्यांनी रोखल्या. तिथल्याच ‘एंबुल’ या केळीच्या जातीवर सब्जाच्या तेलाचे द्रावण वापरून, फळे १३.५ अंशांवर ठेवून, तीन आठवड्यांपर्यंत कूज आटोक्यात ठेवता आली.

मलेशियातील संशोधकांनी तेल आणि लेप एकत्र आणले. त्यांनी १० टक्के डिंकाच्या द्रावणात ०.४ टक्के दालचिनीचे तेल मिसळून केळी व पपई बुडवली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात करपा कमी झाला आणि फळांचे पिकणेही लांबले. डिंकाचा पातळ थर सालीवर बसला की फळाचे श्वसन मंदावते, पाणी कमी उडते, आणि उडून जाणारे तेल त्या थरात अडकून हळूहळू बाहेर पडते. तेल नुसते लावले तर काही तासांत उडून जाते, म्हणून हा आधार महत्त्वाचा आहे. कोरफडीच्या गराचा लेपही याच तत्त्वावर वापरला जातो.

भारतातला संत्र्याशी थेट संबंध असलेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. उत्तर भारतातल्या संशोधकांनी घाणेरा ओसाडी या तणाचे तेल संत्रावर्गीय फळांवरच्या निळ्या बुरशीविरुद्ध वापरले आणि ते परिणामकारक ठरले. हे तण महाराष्ट्रातही पावसाळ्यात पडीक जागी आणि वाटांच्या कडेला जांभळट फुलांनी डवरलेले दिसते.

हेक्सॅनलची वाट थोडी निराळी. गवत कापल्यावर जो ताजा वास येतो त्यात हे द्रव्य असते. फळाच्या पेशीपटलाची झीज घडवणाऱ्या एका विकराला ते अडवते, त्यामुळे फळ घट्ट राहते आणि बुरशीला उशिरा वाट मिळते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठ आणि कोइमतूरचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ यांनी आंबा व केळीसाठी त्याची फवारणी आणि पेटीत ठेवण्याच्या पुड्या विकसित केल्या.

कडुनिंबाची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला १९९४ साली युरोपीय पेटंट मिळाले. त्याला हरकत घेतली गेली. १९८५ आणि १९८६ साली पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतांवर घेतलेल्या कडुनिंबाच्या चाचण्यांची माहिती अभय फडके यांनी साक्षीत दिली आणि ती निर्णायक ठरली. २००० साली पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. फळांवर मात्र कडुनिंबाचे तेल जपूनच वापरावे लागते, कारण त्याचा कडवट उग्र वास सालीवर राहतो. त्याचा खरा उपयोग बागेत, फळ लहान असताना, रोगाचा भार कमी ठेवण्यासाठी आहे.

मर्यादा

काचेच्या बशीत बुरशी मारायला तेलाचे जेवढे प्रमाण लागते, फळावर त्याहून बरेच जास्त लागते, कारण सालीचे मेण आणि गर तेल शोषून घेतात. प्रमाण वाढवले की साल भाजते, काळे डाग पडतात आणि केळ्याला लवंगेचा वास लागतो. रोग आणि वास यांच्यामधली जागा अरुंद आहे, आणि ती प्रत्येक फळासाठी व प्रत्येक तेलासाठी वेगळी शोधावी लागते.

दुसरी अडचण एकसारखेपणाची. एकाच वनस्पतीचे तेल जमीन, हंगाम, कापणीची वेळ आणि ऊर्ध्वपातनाची रीत यांनुसार बदलते. म्हणून मुख्य द्रव्याचे प्रमाण तपासलेले नसेल, तर एका वर्षी लागू पडलेली मात्रा पुढच्या वर्षी लागू पडेलच असे नाही. दबून बसलेल्या करप्यापर्यंत ही द्रव्ये पोचतातच असेही नाही. उशिरा केलेला उपचार त्यामुळे फारसा फळत नाही. युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड त्वचेला व डोळ्यांना झोंबतात, तेव्हा ती हाताळताना हातमोजे आणि चष्मा लागतो. शेतीतले रोगनियंत्रक म्हणून विकायचे उत्पादन असेल, तर ते वनस्पतिज असले तरी देशात त्याची नोंदणी लागते.

यवतमाळच्या बागेपासून बाजारापर्यंत

या सगळ्या ज्ञानाचा व्यवहारातला क्रम साधा आहे. रोग बागेत कमी ठेवणे ही पहिली पायरी. केळीची वाळलेली पाने, कुजलेली फळे आणि संत्र्याच्या झाडावरच्या वाळलेल्या फांद्या काढून टाकल्या, तर बीजाणूंचा साठाच घटतो. दुसरी पायरी काढणीची. घड सकाळच्या गारव्यात कापणे, जमिनीवर न टेकवता केळीच्या पानांवर किंवा गादीवर ठेवणे, आणि संत्री हिसका देऊन न ओढता देठासह कात्रीने तोडणे यांनी जखमा टळतात. जखम टळली की संत्र्यावरची हिरवी बुरशी बहुतांशी टळते, आणि त्याला कसलेही द्रव्य लागत नाही.

तिसरी पायरी धुण्याची. केळीच्या फण्या वेगळ्या केल्यावर कापातून वाहणारा चीक सालीवर काळे डाग पाडतो, म्हणून फण्या तुरटीच्या पाण्यात धुतात. हौदातले पाणी मळले की रोगी फणीचे बीजाणू त्याच पाण्यातून निरोगी फण्यांना लागतात. स्वच्छ, वरचेवर बदललेले पाणी हा इथला मोठा उपचार. आंब्याला सुमारे ५२ अंशांच्या गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडवण्याची रीतही याच टप्प्यावर येते. वनस्पतिज द्रावण किंवा लेप यानंतर आणि शक्यतो त्याच दिवशी लावायचा, फणीच्या ताज्या कापावर तर आवर्जून. शेवटी फळे वाऱ्यावर सुकवून, सावलीत भरून, मानवेल त्या थंडाव्यात ठेवायची.

अशा उपचारांची स्थानिक परीक्षा घेण्याजोग्या संस्था या भागात आहेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र यांच्या सल्ल्याशिवाय बाजारातली कोणतीही बाटली साऱ्या मालावर वापरू नये. आधी चार-पाच फण्यांवर किंवा एका क्रेटवर लावून पाहावी, आठ दिवस साल, वास आणि चव तपासावी आणि मगच पुढे जावे. लवंग, ओवा, गवती चहा आणि रोशा यांत बुरशीला रोखण्याची ताकद आहे, हे सिद्ध झालेले आहे. ती ताकद न दुखावलेल्या, धुतलेल्या, ताज्या फळावर लावली तरच कामाला येते. कुजू लागलेले फळ कोणतेही तेल परत आणत नाही.